आजारी पाहायला जाणारी बाई

आई, तुला एक विचारायचं आहे. कोळसा भरणाऱ्या त्या माणसाला तू मंडळाच्या सभेत आजारी का म्हणालीस? तो आजारी नव्हता. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आठ दिवसांत खाणीच्या सगळ्या कॉलनीला माहीत झालं. त्यापायी तुझं मंडळातलं काम गेलं आणि एक जन्माची मैत्रीणही गेली. तेव्हा मी अकरा वर्षांची होते, विचारायची हिंमत नव्हती. हिंमत आली तोवर विषय शिळा झाला होता. आता तुला जाऊन सव्वीस वर्षं झाल्यावर तो पुन्हा ताजा झाला आहे, आणि तोही एका हंगेरियन बाईमुळे.

आज वेसाकची सुट्टी आहे, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. इथे परदेशात, बेडोकच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच आहे. नवरा आणि मुलगी पुंगोलला आपल्या लोकांच्या कार्यक्रमाला गेलीत. मी मागाहून खीर घेऊन जाणार आहे. माझं काम तुला कधी नीट सांगता आलं नाही, कारण तू गेलीस तेव्हा मी नुसत्या परीक्षाच देत होते. लोक किती जगतील, केव्हा आजारी पडतील आणि विमा कंपनीला कधी किती पैसे द्यावे लागतील, याचा अंदाज बांधायचा. तू म्हणाली असतीस, हे तर ज्योतिष्याचं काम, आपल्या घरात कुठून आलं? आमच्या ऑफिसकडे तीन महिन्यांपूर्वी एका जुन्या संस्थेची कागदपत्रं आली. अमेरिकेत गेलेल्या हंगेरियन मजुरांची संस्था. खाणीत आणि पोलादाच्या भट्ट्यांत राबणारी माणसं; भाषा येत नाही, नातेवाईक समुद्रापलीकडे, मेलं तर पुरायला कोण येणार? म्हणून दर महिन्याला थोडे थोडे पैसे काढून त्यांनी एकमेकांच्या मरणाची सोय केली. त्याचीच पुढे विमा संस्था झाली. आता सभासद म्हातारे झालेत आणि एक मोठी कंपनी ती संस्था पोटात घ्यायला निघाली आहे. त्यातलं काय ठेवायचं आणि काय बंद करायचं, याचा अहवाल माझ्याकडे आहे.

आधी मी त्यांचे आकडेच पाहिले आणि कपाळाला हात लावला. सुरुवातीला त्यांची रीत अगदी आपल्या मंडळासारखी होती. कोणी मेलं की सगळ्यांनी सारखी वर्गणी काढायची, विशीतल्या पोरानं तेवढीच आणि साठीतल्या म्हाताऱ्यानं तेवढीच. अशी संस्था फार टिकत नाही, हे आम्हाला पहिल्याच पुस्तकात शिकवतात. तरुण म्हणतात, आम्ही कशाला म्हाताऱ्यांच्या मयतीचे पैसे भरू, आणि येत नाहीत. मग म्हातारेच उरतात आणि बोजा वाढत जातो. पुढे त्यांनी वयाप्रमाणे हप्ता ठरवला, गंगाजळी ठेवली, पण तोवर ही माणसं तगली कशी, हे मला समजेना. हिशोबाच्या वहीत ते सापडणारच नव्हतं. ते सापडलं सभांच्या इतिवृत्तांत, ज्यांचं कोणीतरी इंग्रजी करून ठेवलं आहे. द्राक्षांच्या हंगामात हे लोक नाच ठेवत. हॉलच्या छताला दोऱ्यांनी द्राक्षांचे घोस टांगायचे, नाचता नाचता पोरापोरींनी ते चोरायचे, राखणदारांनी पकडायचं आणि दंड करायचा. दंडाचे पैसे मयतीच्या निधीत. पोरं नाचायला येत, नाचातून लग्नं जुळत, लग्न झालं की बायकोमुलांची नावं संस्थेत लागत. सभासदांचा बिल्लाही गमतीचा होता, एका बाजूनं रंगीत, दुसऱ्या बाजूनं काळा. नाचाला रंगीत बाजू वर, मयतीला काळी. बायका जमून शेवयांसारखा एक प्रकार वळत आणि निधीसाठी विकत. पिठाचा तुकडा बारक्या काडीवर गुंडाळून वळायचा. वाचताना मी ऑफिसात मोठ्यानं हसले. आई, ते सरगुंडेच आहेत गं. आपल्याला वाटायचं, ते फक्त आपल्याच चंद्रपूरकडे करतात.

आपलं मंडळही पोरांच्या हौसेवरच चालायचं ना? पगाराच्या दिवशी विहारात वर्गणी, आणि जयंतीच्या नाटकात काम कोणाला, तर ज्याच्या घरची वर्गणी चुकलेली नाही त्याला. हा नियम ज्यानं काढला तो माणूस आमच्या धंद्यात असता तर फार वर गेला असता. खाणीच्या पक्क्या कामगारांना रजा होती, दवाखाना होता. रेल्वेच्या सायडिंगवर टोपल्यांनी वाघिणीत कोळसा भरणाऱ्या ठेक्यातल्या माणसांना काहीच नव्हतं, काम केलं नाही तर चूल नाही. ते आजारी पडले की मंडळ आठवड्याला थोडे पैसे द्यायचं. पण माणूस खरंच आजारी आहे की घरी बसून खातोय, हे कोणीतरी पाहून यायला हवं. तू खाणीच्या दवाखान्यात आया होतीस, म्हणून ते काम तुझ्याकडे.

तू जायचीस कशी, ते मला आठवतं. पदराआड दोन केळी, कधी लिंबू. दारात क्षणभर थांबायचीस, मग आत जाऊन पाणी मागायचीस. बसायचीस, इकडचं तिकडचं बोलायचीस. दुखण्याबद्दल जवळजवळ काही विचारायची नाहीस. रविवारी वंदनेनंतर सभा बसली की उठून सांगायचीस, "आजारी आहे," किंवा "बरा आहे." तेवढंच. कारण कधी नाही. हंगेरियन संस्थेतही अशी माणसं नेमलेली होती, आणि त्यांच्या वहीतही पुढे तेवढाच एक शब्द. मी पानांमागून पानं वाचते आणि मला प्रश्न पडतो की तुम्ही मंडळी पाहत होता तरी काय? चुलीतली राख? चपला? पोरांची तोंडं?

त्या दुपारी मी तुझ्याबरोबर होते. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, ऊन मी म्हणत होतं, आणि मी तुझ्यापुढे पळत मागच्या गल्लीतून गेले. तो माणूस कवेलू फेरत, म्हणजे पावसाळ्याआधी कौलं नीट लावत, छपरावर उभा. कंबर मोडली म्हणून मंडळाचे पैसे खाणारा माणूस, आणि छपरावर. त्याने मला पाहिलं, तुला येताना पाहिलं आणि माकडासारखा शिडीवरून उतरला. आपण दारात पोचलो तोवर तो खाटेवर पांघरूण घेऊन कण्हत होता. मला हसू आवरेना. तळपाय पांघरुणाबाहेर, आणि तळव्यांना कवेलूचा लाल भुगा. तू ते पाहिलंस. पाणी मागितलंस. त्याच्या बायकोनं पाणी आणलं, तोंडावर पदर घट्ट धरून. तू सगळं पाणी प्यालीस, केळी तिच्या हातात दिलीस आणि उठलीस. वाटेत मी म्हणाले, "आई, तो तर ठणठणीत आहे." तू चालतच राहिलीस. मग म्हणालीस, "मंडळानं मले पाठवलं. तुले कोनी पाठवलं?" थोड्या वेळानं पुन्हा, "डोये हायेत म्हून सारंच सांगाचं नसते." आणि रविवारी तू सभेत उठून म्हणालीस, आजारी आहे.

पुढच्या रविवारी सचिव उभे राहिले. तेच माझे शाळेतले गुरुजी. भला माणूस, मंडळाच्या हिशोबाला पक्का. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तो छपरावर होता हे तुम्ही पाहिलं होतं का?" तू म्हणालीस, "पाह्यलं." "तरी आजारी म्हणालात?" "हो." "का?" तू खाली बसलीस. बायका तुझ्याकडे बघत होत्या आणि तू सतरंजीकडे. त्याचे पैसे बंद झाले, तो पुन्हा टोपली उचलायला गेला, आणि तुझं काम दुसऱ्या बाईला दिलं. तू मात्र रोज संध्याकाळी त्या घरी दूध घेऊन जात राहिलीस, त्याची बायको दिवाळीपूर्वी मेली तोपर्यंत. तिचं अंथरूण त्यांनी घरामागे जाळलं. कशासाठी जाळलं ते मला बऱ्याच वर्षांनी समजलं. तू दवाखान्यातली, तुला तिच्या खोकल्यावरून पहिल्याच दिवशी समजलं असणार. वर्गणी पुरुषाच्या नावावर, म्हणून पैसे मिळायचे ते पुरुष आजारी पडला तरच. तिला पाहायला कोणीतरी घरी हवं होतं, म्हणून तो आजारी पडला. हे मी जुळवलेलं आहे. पण सभेत हे का बोलली नाहीस? गुरुजींनी ऐकलं असतं. की क्षय हा शब्द विहारात उच्चारला असता तर दुसऱ्या दिवशी त्या बाईला नळावर कोणी उभं राहू दिलं नसतं, म्हणून? मला तसं वाटतं. पण वाटणं वेगळं आणि तुझ्या तोंडून ऐकणं वेगळं.

आता ती हंगेरियन बाई. जुन्या इतिवृत्तात एके ठिकाणी दोन ओळी आहेत. आजारी पाहायला जाणाऱ्या अमक्या बाईंनी धडधाकट माणसाला आजारी ठरवलं, सबब त्यांना त्या कामातून मुक्त करण्यात येत आहे. कारण विचारलं असता बाई काही बोलल्या नाहीत. मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले आणि परत वाचलं. मग अहवाल बाजूला ठेवून पुढचे महिने धुंडाळत बसले, हिचं पुढे काय झालं? तो माणूस कोण, त्याच्या घरी कोण आजारी होतं, काही सापडलं नाही. पण द्राक्षांच्या नाचाच्या वेळी स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव आहे. पुढच्या वर्षीही आहे. आजारी पाहण्यातून काढलं, पण तिच्या शेजारी बसून शेवया वळणं कोणी सोडलं नाही. तुझ्या बाबतीत तसं झालं नाही. मंडळानं तुला टाकलं नव्हतं, हे मला आठवतं. तूच विहारातल्या स्वयंपाकाला जाणं सोडलंस. आणि शेजारच्या मावशींशी, तुझ्या त्या जन्माच्या मैत्रिणीशी, बोलणं.

घरी मी हे सगळं लेकीला सांगितलं. इथल्या पद्धतीनं शेपटाला 'लाह' जोडत ती म्हणाली, "म्हणजे आजी क्लेम्स इन्व्हेस्टिगेटर होती लाह. बॅड वन, सम मोअर." दावे तपासणारी, आणि वर कामात कच्ची. मी तिला ओरडले नाही, कारण व्याख्या बरोबर आहे. ऑफिसातल्या माझ्या बॉसबाई इथल्याच, चिनी, फार हुशार. मोठ्या कंपनीला भेटी, नाच, हॉल सगळं बंद करून फक्त पॉलिसी ठेवायच्या आहेत. मी म्हटलं, आजाऱ्यांना भेटायला जाणं हा खर्च नाही, त्याच्यामुळेच हप्ते येत राहिले. त्या म्हणाल्या, "व्हेरी टचिंग लाह. बट विच कॉलम?" मागच्या वर्षी मला डेंग्यू झाला तेव्हा इथल्या आपल्या लोकांच्या ग्रुपवरून रोज जेवणाचा डबा ॲपनं यायचा, न चुकता. दाराबाहेर ठेवून डबेवाला निघून जायचा. लोक चांगलेच आहेत, पण मी कशी दिसते हे पाहायला कोणी आलं नाही. शेवटी मी अहवालात भेटींचा खर्च दाव्यांच्या रकान्यात टाकला आणि खाली लिहिलं की हा बंद केल्यास दाव्यांचा अंदाज माझ्या जबाबदारीवर राहणार नाही. बॉसबाईंनी भुवई उचलली आणि सही केली. नाच मात्र मला वाचवता आला नाही.

एवढं सगळं लिहून मी मूळ गोष्टीपाशी येत नाहीये, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तुझ्यापासून काही लपायचं नाही, फक्त एवढंच लपलं. गुरुजींनी तुला विचारलं त्या सभेच्या आधी दोन दिवस मावशी नळावर गुरुजींशी बोलत उभ्या होत्या, ते तू पाहिलंस आणि मनाशी ठरवून टाकलंस की चुगली त्यांनीच केली. त्यांना तू विचारलं नाहीस, भांडली नाहीस. दर वर्षी दोघी मिळून करायचात ते सरगुंडे त्या उन्हाळ्यानंतर तू एकटीच केलेस, दार लावून. त्यांच्या घरातून परात आपटल्याचा आवाज यायचा आणि तू ऐकू न आल्यासारखी काड्या मोजायचीस. मावशींनी काही केलं नव्हतं. सुट्टीतल्या शिकवणीत गुरुजी माझी अपूर्णांकांची वही तपासत होते, सहज म्हणाले, "आईबरोबर गेली होतीस ना? काय पाहिलंस?" आणि मी सगळं सांगितलं. शिडी, पांघरूण, लाल तळवे, हसत हसत. ते म्हणाले, शाबास, खरं बोलावं. मला फार छान वाटलं होतं.

गेल्या डिसेंबरात नागपूरला मावशींना भेटले. लेकाकडे असतात, ऐंशी ओलांडली, दिसतं कमी. माझा हात धरून त्यांनी विचारलं, "तुह्या मायनं मरेपर्यंत माह्याशी बोलनं काहून सोडलं वं? तुले काही ठाव हाय का?" मी म्हटलं, नाही मावशी, मला काही माहीत नाही. त्या म्हणाल्या, "माह्याकडूनच काही चुकलं आसन."

त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे, लेकाचा फोन नंबरही आहे. आणि मी हे पत्र तुला लिहीत बसले आहे.