जिवंत नटीला श्रद्धांजली

मंगळवार, संध्याकाळ. मोशी.

जुन्या सिनेमावाल्यांवरच्या आमच्या यूट्यूब चॅनेलवर माझा भागीदार महेशने आज नवा व्हिडिओ टाकला. मी त्यात एका नटीने सिनेमा का सोडला ते सांगितलंय. शीर्षक महेशचं: 'शेवटचा निरोप'. बाई ठणठणीत आहे!

शिफ्टवरून आलो तर आई मोबाइलपुढे डोळे पुसत होती.

"ती जिवंत हाय, आई."

"मग मेली असं का लिवलंस?"

"महेशने लिहिलं."

"चॅनेल तुझं बी हाय न्हवं?"

महेशला फोन केला. म्हणाला, "भावा, म्हातारी माणसं अशा शीर्षकानेच व्हिडिओवर थांबतात. पहिल्यांदा व्हिडिओ पळतोय, राहू दे."

म्हातारी माणसं. म्हणजे माझी आईच ना?

पासवर्ड माझ्याकडेही आहे. महेशला मनातल्या मनात शिव्या घातल्या, शीर्षक मात्र बदललं नाही.