एम्प्लॉयी ऑफ द मंथच्या फोटोला हार

खांदेश्वर, शनिवार

नामदेवमामा, तुला आणि पुतळामामीला नमस्कार.

...तर फोनवर तू ऐकलंस ते अर्धंच खरं आहे. हार मी घातला, हे खरं. माणूस गेला, हे खोटं. उरलेलं सांगणार तेवढ्यात तू फोन स्पीकरवर टाकलास, मामी हसायला लागली, आणि माझा जॉब तुमच्या घरात जोक झाला. म्हणून हे पत्र. (गुडघा कसा आहे? डॉक्टरने जिने चढू नको सांगितलंय ना? मग तिसऱ्या मजल्यावरून सेल्फी कोण पाठवतं?)

मी एच.आर. आहे म्हणजे काय करते, हे तू दर वेळी विचारतोस. बिल्डरकडे एच.आर. म्हणजे माणसं आणायची आणि आणलेली पळू द्यायची नाहीत. पळतात पण कशी. होळीला गावी गेलेला सुतार परत येतो तो थेट समोरच्या टॉवरवर, आणि तिथून मला हात करतो. मी यावर खूप वाचलं, व्हिडिओ बघितले, आणि मितेश सरांना (आमचे मालक) प्रेझेंटेशन दिलं की माणूस पगारासाठी येतो पण मानासाठी टिकतो. सर म्हणाले, मान फुकट असेल तर दे. मग मी 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' सुरू केलं. गेटजवळच्या केबिनमध्ये फ्रेम लावली. पहिला मान रावसाहेबकाकांचा.

काका आमचे शटरिंगचे फोरमन, मंठ्याकडचे. स्लॅब ओतायच्या आधी खालून साचा उभा करतात, तो त्यांचा. अकरा वर्षं सरांच्या साइटवर, हाताखाली बारा माणसं. साच्याखाली जाऊन हातोडीने दोनदा टकटक करतात आणि सांगतात, हा टेकू बदला. इंजिनीअर पण वाद घालत नाही.

खंडेनवमीला साइटवर पूजा होती. मिक्सर, लिफ्ट, काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर, सगळ्यांना झेंडूचे हार. एक हार उरला. काका आदल्या रात्रीच दीक्षाभूमीला, नागपूरला गेले होते. मला वाटलं, मिक्सरला हार, आणि ज्याच्यावर साइट चालते त्याला नाही? घातला फ्रेमला. (हो मामा, भिंतीवरच्या फोटोला हार कधी घालतात ते मला माहितीये. शाळा इंग्लिश मीडियमची होती, घर तर आपलंच होतं. पण उत्साहात माणसाला माहीत असलेलं आठवत नाही.) फोटो काढला, खाली 'थँक यू फॉर एव्हरीथिंग, काका' लिहिलं, जोडलेल्या हातांचा इमोजी टाकला आणि साइटच्या ग्रुपवर सोडून दिला.

ग्रुपवर काकांच्या गावचे तिघं आहेत. संध्याकाळपर्यंत फोटो गावात. काकांच्या बायको गिरजाबाई फोन लावतायत, तर नागपूरच्या त्या गर्दीत नेटवर्क कुठलं लागायला. दसऱ्याला सकाळी गेटवर जीप उभी. गिरजाबाई आणि गावची पाच माणसं. मितेश सर नव्या गाडीच्या पूजेला आले होते. त्यांनी रडणाऱ्या बाई बघितल्या, फ्रेम बघितली, आणि काही न विचारता मान खाली घालून दोन मिनिटं उभे राहिले. मला वाटलं, नागपूरला खरंच काही झालंय आणि सरांना आधी कळलंय. मी पण उभी राहिले. मग सगळेच.

अकरा वाजता अनोळखी नंबरवरून फोन. काका. कुणाचा तरी मोबाइल मागून विचारत होते, सहाव्या स्लॅबला पाणी मारलं का. मी फोन सरळ गिरजाबाईंना दिला. त्यांनी आधी डोळे पुसले, मग पंधरा मिनिटं काकांना जे सुनावलं ते केबिनमधल्या प्रत्येकाने मान खाली घालून ऐकलं, जणू स्वतःलाच चाललंय.

खरी गोष्ट इथून. गावची माणसं परत गेली, त्या थांबल्या. काकांची पत्र्याची खोली पहिल्यांदाच बघितली. (साइट बदलली की जागा बदलते, पत्रे तेच.) मग ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसल्या.

"बाई, फोटो लावला, चांगलं केलं. आता ह्यांचं नाव कुठं लिहिलंय ते दाखवा."

मी हजेरीचं रजिस्टर काढलं. त्यात ठेकेदाराचं नाव, आणि खाली 'शटरिंग गँग, १३'. बस. काका त्या तेरात कुठेतरी.

"काल खरंच काही झालं असतं," त्या म्हणाल्या, "तर हे इथं होते म्हणून कुणी सांगितलं असतं? त्या मिक्सरनं?"

मामा, माणसं कशी टिकवायची यावर माझ्याकडे एकोणचाळीस स्लाइड्स आहेत. एकीत पण याचं उत्तर नाही.

सरांकडे गेले, म्हटलं काकांना कंपनीत घ्या, लेटर द्या. सर वाईट नाहीत. काका सुखरूप म्हणून त्यांनी पेढे वाटले. पण लेटर म्हटल्यावर म्हणाले, एकाला दिलं की बारा मागतील. मी म्हटलं, मग तेरा देऊ. त्यांनी मला कंपनीचं नाव छापलेला मग दिला, काकांना दे म्हणून. काका परत आल्यावर दिला. त्यांनी हातात फिरवून बघितला, थँक्यू म्हणाले, मग म्हणाले, "मॅडम, मी मेलो म्हणल्यावर गावात दोनशे माणूस जमलं. हितं रोज येतो, तर वॉचमन अजून पास मागतो." रागाने नाही, लेव्हल बघून आकडा सांगतात तसं.

दिवाळीपर्यंत कागद मिळाला तर राहणार, नाहीतर गावी. ते गेले की बाराही जाणार. दिवाळी दहा दिवसांवर आहे, आणि सरांनी मला टिकवायच्या नव्या आयडिया मागितल्यात.

तुझी,
उन्नती

ता.क. शिरवण्याला तू बांधतोयस त्या बिल्डिंगला धड फोरमन मिळत नाही म्हणून तू गणपतीपासून रडतोयस. मी काकांना तुझा पत्ता दिलाय. पुढच्या रविवारी येतील. हो, माणसं टिकवायचा पगार घेते आणि सगळ्यात चांगला माणूस मीच पळवतेय. सरांना कळलं तर मी पण येईन, एक खुर्ची ठेव.

ता.क. २. एकच अट आहे. सोबत अपॉइंटमेंट लेटर टाइप करून पाठवलंय. नाव, हुद्दा, पगार, सुट्ट्या, सगळं. सही कर. 'आपल्यात कागद कशाला, तू घरचाच' असलं काही त्यांना ऐकवू नकोस, ते तू भैरूदादाला ऐकवतोस. चौदा वर्षं तो तुझं सिमेंट, सळई, चाव्या सांभाळतोय. त्याच्याकडे तुझ्या सहीचा एक तरी कागद आहे का? नसणार, म्हणून एक कोरं लेटर जास्तीचं जोडलंय. हे वाचताना मितेश सरांना तू मनात काय काय म्हणाला असशील ते इथे लिहीत नाही, पत्र मामी पण वाचेल. पण खरं सांग मामा, त्यांच्यात आणि तुझ्यात फरक किती, असं तुला वाटतं?