डोहातली पाणमांजरं

पाली, ता. बीड
दि. ११ मे १९७३

चि. सिदू यास दादाचे अनेक आशीर्वाद.

तू, सूनबाई आणि सासरची मंडळी खुशाल असाल असं धरून चालतो. इकडं आमचं बरं आहे. आईचे गुडघे दुखतात, पण चालती-फिरती आहे. तुझी वहिनी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. तिथं सुकडी मिळते, त्यातली अर्धी आईसाठी पदरात बांधून आणते. धर्मापुरीत प्यायला पाणी आहे का, ते कळव.

तलावाचं काय लिहू? तलाव राहिलाच नाही. धरणाच्या भिंतीपासून करंजाच्या झाडापर्यंत आता चालत जाता येतं. होडी बांधायच्या खडकाखाली तेवढा एक डोह उरलाय, आणि चहूकडची जितराबं त्याच्यावर आलीत. बगळे इतके की कड पांढरी दिसते. काळवीट भर दुपारी माणसांदेखत पाणी पितात. परवा एक लांडगा आलता. शेळ्या दहा पावलांवर होत्या, पण त्यानं नुसतं पाणी पिलं आणि गेला. भेगाळलेल्या गाळात टिटवीनं अंडी घातलीत, तर म्हाळू धनगर तेवढी जागा सोडून मेंढरं वळवतो. तू असतास तर जेवायलासुद्धा घरी आला नसतास.

हे सगळं लिहितोय, पण पत्र त्यासाठी नाही.

डोह आटायच्या आत उरलेला मासा काढून घ्यावा, असं आपल्या मच्छीमार संस्थेत ठरलं. सोमवारी सकाळी सगळे सभासद काठावर जमले. जाळं टाकलं, ओढायला घेतलं, तेवढ्यात पाणी ढवळलं आणि तीन पाणमांजरं वर आली. एक मादी, दोन पिल्लं. मादीनं जाळं फाडलं, आतली मरळ दातात धरली आणि खडकावर चढून पिल्लांपुढं टाकली. लख्ख उन्हात, आमच्यापासून वीस हातांवर. पिल्लं खाताना बारीक आवाज करत होती. फासळ्या मोजून घ्याव्यात इतकी ती मादी वाळली होती.

मग साखराबाई बोलली. तिचा नवरा सुंदरराव गेल्यापासून त्याच्या जागी तीच सभासद आहे. ती म्हणाली, "मंग सिदू खरं बोलत व्हता की."

त्रिंबकनं कुऱ्हाड उचलली. "आदी ह्यांचा निकाल लावू. सिदूचं मागून बघू."

मी त्याच्या आडवा गेलो. कसा गेलो ते मला कळलं नाही. म्हणालो, "त्यांला हात लावू नका. मला ठावं व्हतं."

सिदू, ते आता तुला सांगतो. दीड वर्षामागं रोज जाळी फाटत होती, मासा जात होता, आणि राखण तुझी होती. तू बैठकीत सांगितलंस, पाणमांजर आहे. लोक हसले, कारण इतक्या वर्षांत कुणी एक पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, "चेरमन, तुमी पाहिलं का?" मी म्हणालो, न्हाई.

मी पाहिलं होतं. बैठकीच्या चार दिवस आधी, उजाडताना, करंजाखाली. चांगलं घटकाभर पाहिलं. पण आठ दिवसांवर संस्थेची निवडणूक होती, आणि मी भावाला पाठीशी घालतो, असं त्रिंबक दारोदार सांगत फिरत होता. मला दाखवायचं होतं की मी तसा नाही. एका शब्दाचं काम होतं, तो मी बोललो नाही. तुला चोर ठरवून काढलं, त्या ठरावावर पहिली सही माझी आहे.

गाव समजतं, तू माझ्यावर रागावून गेलास. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. जाताना तू म्हणालास, "तुमाला दिसलं न्हाई, तर तुमी तरी काय करनार, दादा." ते ऐकल्यापासून मी धड जेवलो नाही रे.

सोमवारी हे सगळं मी काठावर उभ्यानं सांगितलं. "लई वाईट केलं तुमी," एवढंच त्रिंबक म्हणाला आणि कुऱ्हाड खाली टेकवली. साखराबाई म्हणाली, "त्या मुक्या जिवांला तरी दुसरं पानी कुठं हाय?" तिथंच बैठक झाली. मी चेरमनकी सोडली. तुझ्यावरचा ठराव रद्द केला. खडकाकडच्या अर्ध्या डोहात पाऊस पडेपर्यंत जाळं टाकायचं नाही, हे त्रिंबकनंच मांडलं. डोह टिकेल का, पिल्लं जगतील का, सांगता येत नाही. काल तिघंही दिसली.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "कावून केलंस रं असं?" तिनं भाकर वाढली, पण रोजच्यासारखी समोर बसली नाही. उठून ओसरीवर गेली.

राखणीचं काम तुझंच आहे, असं सगळ्यांनी सांगायला लावलंय. ये म्हणायला मला तोंड नाही. आलास तर आईसाठी ये. नाही आलास तर तिला चार ओळी लिही, मी वाचून दाखवीन. त्यात माझ्याबद्दल जे लिहिशील तेही मोठ्यानं वाचीन, एक अक्षर गाळणार नाही.

तू नसताना खोटं बोललो नव्हतो, तुझ्या तोंडावर बोललो होतो. म्हणून खरंही तुझ्या तोंडावरच सांगायला हवं होतं. तेवढी हिंमत झाली नाही, म्हणून हे पत्र.

बिभीषण