घरचं मत

९ मार्च १९८६, रविवार

वसुधा अजून बोलत नाही. वाढते, भांडी आपटते, बस्स! गुरुवारी गावच्या पेपरात माझा फोटो छापून आला — राज्याच्या विधानसभेसाठी इच्छुक. तिचं शेवटचं वाक्य : "आपण परत जाणार होतो ना?" अहो, पण दिवाळीतच तर सांगितलं होतं! तेव्हा ऐकून घेतलं, चकार शब्द काढला नाही.

परत जाणार, परत जाणार. अमेरिकेत आल्यापासून वीस वर्षं हेच चाललंय. नागपूरला तिच्या भावाशेजारी प्लॉट घेऊन ठेवलाय, त्यावर आता बाभळी उगवल्यात.

विनीता सोळा वर्षांची. तिचं म्हणणं, "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग!" झालं. घरचा प्रचार संपला.

१३ एप्रिल, रविवार

काल इथल्या मराठी मंडळाचा पाडवा झाला. शाळेच्या कॅफेटेरियात श्रीखंड-पुरी. उमेदवारीच्या कागदावर मतदारांच्या सह्या लागतात, म्हणून कागद घेऊनच गेलो होतो. लोकांनी चक्क रांग लावली! डॉक्टर हेमचंद्र, मंडळाचा अध्यक्ष, माइकवर म्हणाला, "गुरुदत्तभाऊ, तुम्ही फक्त उभे राहा. अख्खं मंडळ सपोर्ट करणार, यार!" टाळ्याच टाळ्या. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

वसुधाकडे सही मागितली नाही. मी इथला झालो, ती अजून भारतीय नागरिक. आणि इथली नागरिक असती तरी तिनं दिली असती का, देव जाणे. पुऱ्या तळत होती.

२२ एप्रिल, मंगळवार

मेलो.

सह्या तपासायला टाउन क्लार्ककडे गेलो. बाई मतदारयादी आणि पेन्सिल घेऊन बसल्या. हेमचंद्र — काट. त्याची बायको — काट. पानंच्या पानं काट. "आय ॲम सो सॉरी," म्हणाल्या. बिचाऱ्यांचा आवाजही पडला होता. मंडळातलं कुणी मतदारच नाही! सगळे ग्रीन कार्डवाले. बंगले बांधले, पोरं इथं जन्माला घातली, मागे स्विमिंग पूल खणला, आणि नागरिक कुणीच नाही.

आणि मी शहाणा! स्वतःच्या बायकोचं माहीत असून दुसऱ्यांना विचारायचं सुचलं नाही. पण विचारणार कसं? आपल्यात पगार विचारतात, घराची किंमत विचारतात. पासपोर्ट कोणता, हे कुणी विचारत नाही. ते वाईट दिसतं.

हेमचंद्रला फोन केला. "अरे भाऊ, तुम्ही सही मागितलीत, मी केली. पासपोर्ट कसा सोडणार? दोन-चार वर्षांत परतच जायचंय ना!"

बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

२७ एप्रिल, रविवार

सुपरमार्केटच्या दारात दोन दिवस पावसात उभा होतो. मिळतील त्या अनोळखी गोऱ्यांच्या सह्या घेतल्या. कशाबशा पुरल्या. एकानं विचारलं, हायवेवरचं मोटेल तुझंच का? नाही म्हटलं तर बिचारा हिरमुसला!

५ जून, गुरुवार

मंडळ वर्गणी देतं, पत्रकं वाटतं, बटाटेवडे पाठवतं. मत सोडून सगळं देतं.

१८ जुलै, शुक्रवार

काय लिहू! वसुधा आज अमेरिकन झाली. दिवाळीतच अर्ज केला होता म्हणे, मला पत्ता नाही. काल संध्याकाळी म्हणाली, "उद्या रजा घ्या. बॉस्टनला शपथ आहे माझी."

उजवा हात वर करून शपथ घेतली. परतीच्या वाटेवर अख्खा रस्ता खिडकीतून बाहेर बघत होती. मी दोन-तीनदा "थँक यू" म्हटलं. ती म्हणाली, "पुढे बघून चालवा."

सगळ्या मंडळात ही एकटी! आणि मी हिला काय काय बोललो होतो.

२४ ऑगस्ट, रविवार

दारोदार हिंडतोय. दारं उघडतात, लोक गोड हसतात. एक म्हातारा म्हणाला, "नाइस फेलो. बट व्हाय यू?" आठ वर्षं गावसभेत गटारांवर आणि शाळेच्या गळक्या छपरावर बोललो, ते सांगायचं होतं. पत्रक हातात देऊन पुढच्या दाराकडे निघालो.

कशाला हवंय मला हे? वीस वर्षं भाडेकरूसारखा राहिलो, आवाज न करता. एकदा तरी घरच्या माणसासारखं बोलून बघावं, एवढंच होतं. आता तेही नकोसं झालंय. सकाळी उठायचा कंटाळा येतो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक झाली; इथं तीही साधे मतदारच करतात. सपाटून हरलो. आमच्याच पक्षाचा जुना आमदार फ्लॅनरी पुन्हा तिथंच, दर खेपेसारखा. माझ्या स्वतःच्या गल्लीतसुद्धा तोच पुढे!

१७ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसला गेलो नाही. हेमचंद्रचा फोन आला : "नेक्स्ट टाइम, भाऊ!" ठेवून दिला.

अंगणातली माझ्या नावाची पाटी उपटून गराजमध्ये टाकली. संपलं सगळं. पुन्हा कुठं उभा राहणार नाही, गावसभेतसुद्धा नाही. वसुधा इतक्या वर्षांत इतकी मऊ कधी वागली नव्हती. न सांगता आलं घालून चहा दिला. मीच म्हटलं, "चल, जाऊ नागपूरला. घर विकायला काढतो." ती रडायला लागली. आनंदानंच असणार.

एवढं खरं, की गावात कुणी नाही तरी घरचं मत माझं होतं. आपला देश सोडला तिनं माझ्यासाठी. याहून माणसाला काय हवं!

२१ सप्टेंबर, रविवार

वसुधानं मत फ्लॅनरीला दिलं. आज स्वतःच सांगितलं. "तुम्ही निवडून आला असतात तर आपण कधीच परत गेलो नसतो. तुम्हाला पाडायला माझ्याकडे एका मताशिवाय दुसरं काय होतं?" आता नागपूरला जायला तिलाही व्हिसा लागेल.