चौदाशे अठ्ठ्याण्णव, माझ्या वाटणीचं

उरायासु, जपान
४ सप्टेंबर २०१४

प्रिय लक्ष्मीकांत,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुझा गुडघा कसा आहे ते खरं खरं कळव, ‘उत्तम’ असं लिहू नकोस. तुझं उत्तम मला माहीत आहे.

फोन असताना हा म्हातारा पत्र कशाला खरडतोय, असं म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. शिवाय दसऱ्यानंतरच्या रविवारच्या आपल्या व्याख्यानासाठी माझ्या वाटणीचं टिपण पाठवायचं होतंच. आपण दोघे रिटायर झाल्यापासून दरवर्षी एक साल उचलतो आणि त्या सालात जगात काय काय घडलं ते कऱ्हाडच्या लोकांना सांगतो. अर्धं तू, अर्धं मी. यंदाचं १४९८ तू निवडलंस आणि वर फर्मान काढलंस, ‘उल्हास, तू जपानात बसलायस, तर जपान तुझ्याकडे.’ घे तर मग.

त्या साली पावसाळा सरता सरता इथल्या दक्षिण किनाऱ्याला प्रचंड भूकंप झाला. मागोमाग समुद्र आत आला. हामाना नावाचं गोड्या पाण्याचं सरोवर होतं, त्याच्या आणि समुद्राच्या मधली वाळूची पट्टी फुटली आणि ते कायमचं खारं झालं. आनोत्सु नावाचं मोठं भरभराटीचं बंदर होतं, ते साफ गेलं. कामाकुराला बुद्धाची भलीमोठी मूर्ती आहे. सूनबाई, म्हणजे आमची कश्मिरा, मला मुद्दाम घेऊन गेली होती. मूर्तीवर छप्पर नाही. काही म्हणतात ते याच लाटेत गेलं, काही म्हणतात तीन वर्षं आधीच्या. इथले इतिहासकारही आपल्यासारखेच भांडतात, हे पाहून जिवाला बरं वाटलं.

बाकी जगाचं तुझ्याकडे आहे, तरी सांगतो. फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स त्याच साली दाराच्या चौकटीवर डोकं आपटून मेला, ते गाळू नकोस. इथल्या न्हाणीघराच्या दारात मी रोज त्याची आठवण काढतो. वास्को द गामा कालिकतला उतरला, ते शाळेतलं पोरही सांगेल. पण तिथल्या राजासाठी, झामोरिनसाठी, त्याने टोप्या, तस्तं न् मधाची पिंपं आणली आणि दरबारी लोक हसले, हे रंगवून सांग. मीराबाईचा जन्म याच साली म्हणतोस, तर ‘असं मानतात’ एवढं जोड. नाहीतर पहिल्या रांगेतला मोरेश्वर उठून उभा राहील.

झालं टिपण. आता कागद उरलाय.

माझा दिवस विचारशील तर काय सांगू? धीरज सकाळी तोयोसुला ऑफिसात जातो, कश्मिरा योकोहामाला. नात कस्तुरी दुसरीत आहे, ती शाळेत. मग मी आणि किटली. हे १४९८ मी किटलीला दोनदा वाचून दाखवलंय. खाली कोनबिनी आहे, म्हणजे दिवसरात्र उघडं असणारं दुकान. तिथून मी रोज एकच केळं आणतो. फणा आणला तर दुसऱ्या दिवशी जायला कारण उरत नाही. गल्ल्यावरची मुलगी काहीतरी विचारते, मी मान हलवतो. कस्तुरी घरी आली की जपानीत बोलते, फारच झालं तर इंग्रजीत. मी मराठीत काही विचारलं तर आईकडे बघते. तिचा दोष नाही. पण लक्ष्मीकांत, एकटं वाटतं रे. ही गेल्यावर कऱ्हाडात जेवढं वाटायचं, त्याहून इथं भरल्या घरात जास्त वाटतं.

जूनमध्ये धीरज म्हणाला होता, ‘बाबा, परत जायचं कशाला, इथंच राहा.’ मी हरखलो. मग त्याने कारण सांगितलं. २०११च्या भूकंपात गाड्या बंद पडल्या. तो तोयोसुहून चालत निघाला, पोचायला रात्र झाली. कश्मिरा योकोहामातच अडकली. चार वर्षांची कस्तुरी पाळणाघरात बाईंजवळ बसून राहिली. पुन्हा तसं झालं तर शाळेपर्यंत चालत जाईल असं घरात कुणीतरी हवं, एवढंच त्याचं म्हणणं. बरोबरच आहे त्याचं. पण आमच्या कपाटात भूकंपासाठी पाण्याच्या बाटल्या, बॅटरी आणि कोरडा भात भरून ठेवलाय. मला वाटलं, त्यातच मलाही ठेवतायत. मी ‘बघू’ म्हणालो आणि या सप्टेंबरअखेरचं परतीचं तिकीट काढायला लावलं. ते तुला कळवलं तेव्हा तू फोनवर किती जोरात हसलास!

परवा शाळेत सराव होता. इथं सप्टेंबर लागला की भूकंप झाला असं धरून मुलं मैदानात आणतात, आणि घरचं माणूस येऊन ज्याचं त्याचं मूल नेतं. त्यासाठी शाळेने नावाचं कार्ड दिलेलं असतं, ते गळ्यात हवं. तोंडओळख असली तरी कार्डाशिवाय मूल देत नाहीत. दोघांनाही रजा नव्हती, म्हणून मला पाठवलं.

मी वेळेवर पोचलो. फाटकात बाईंनी गळ्याकडे बोट केलं. आणि माझं कार्ड कुठं? महत्त्वाची वस्तू म्हणून मी ते पासपोर्टाबरोबर बॅगेत ठेवून कुलूप लावलेलं! किल्ली मात्र बनियनच्या चोरकप्प्यात, अगदी बरोबर. हस, हस. आपल्या पिढीला सांभाळून ठेवायचं म्हटलं की कुलूपच सुचतं. घरी गेलो, बॅग उघडली, धापा टाकत परत आलो.

मैदान रिकामं झालं होतं. मधोमध कस्तुरी एकटी, डोक्यावर ती भूकंपाची जाड कापडी टोपी, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. शेजारी बाई उभ्या. रडत नव्हती, फाटकाकडे बघतही नव्हती. कुणी येणार नाही हे तिने धरूनच टाकलं होतं. ते बघवेना मला. कार्ड दाखवलं, सही केली. नियम आहे म्हणून तिने माझा हात धरला. रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, मराठीत, एकेक शब्द शोधत,

“मला वाटलं, आजोबा इंडियाला गेले.”

तिला तिकिटाचं माहीत होतं रे. घरात कुणीच तिला सांगितलं नव्हतं, आणि तिने कुणाला विचारलंही नव्हतं. 

पुढं सिनेमासारखं काही झालं, असं समजू नकोस. लिफ्टशी येताच तिने हात सोडला, सराव संपला होता. वर जाऊन टीव्ही लावला. त्यानंतर माझ्याशी मराठीत अवाक्षर नाही. उद्याही मी आणि किटलीच. म्हातारपणी कुणाचं लाडकं व्हावं असं फार वाटतं, ते इथं होईलसं दिसत नाही. पण ती मैदानात बसली असेल आणि मी कऱ्हाडात तुझ्याबरोबर चहा पीत असेन, हे मला आता जमणार नाही.

काल धीरजला तिकीट रद्द करायला सांगितलं.

फोनवर तुला हे सांगायची माझी छाती नव्हती. विमलवहिनी गेल्यापासून तुझी संध्याकाळ माझ्यावर होती आणि माझी तुझ्यावर, हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस. माझी तर इकडे भरून निघालेली नाही, तुझी तिकडे कशी निघेल? रागाव, चार दिवस फोन घेऊ नकोस, पण पाचव्या दिवशी घे. माझा अर्धा भाग तूच वाच. आणि व्याख्यानाला व्यासपीठावर एकच खुर्ची मांडायला सांग. दुसरी रिकामी ठेवलीस तर लोक येऊन तुझ्याजवळ माझा दुखवटा करतील, आणि तो तुला एकट्याला ऐकावा लागेल.

तुझा, न येणारा,
उल्हास