बाप पोराले आणायले जातो

३ नोव्हेंबर
हे आज पुस्तक वाचता वाचता रडले! चष्मा काढून, हुंदके देऊन. कोणासाठी? ट्रॉयच्या राजाच्या पोरासाठी. हजारो वर्षांपूर्वी मेला तो. आमचा पोरगा रजत गेला तेव्हा यांच्या डोळ्यात टिपूस नव्हता.

४ नोव्हेंबर
यांचा हात थरथरतो, म्हणून आता हे सांगतात आणि मी लिहून घेते. आठशे वर्षांपूर्वी कोण्या पाद्र्यानं ट्रॉयच्या लढाईवर लॅटिनमध्ये महाकाव्य लिहिलं, त्याचं मराठी. तरुणपणी हे पाद्री व्हायले नागपूरले गेलते. लॅटिन तिथलीच. पाद्री झाले नाहीत, माझ्याशी लग्न केलं, शाळेत मास्तर झाले. लॅटिन सुटली नाही. आमच्या नेर गावात कोणाले समजणार ती? शेजारची विमलताई विचारते, "मास्तर मंत्र म्हणून राह्यले का?"
मी "हो" म्हणते.

७ नोव्हेंबर
लढाई, लढाई, लढाई. भाला इकडून घुसला, तिकडून निघाला. माझा हात दुखला.

९ नोव्हेंबर
आज ते आलं. पोराचं प्रेत शत्रूच्या छावणीत पडलेलं. म्हातारा राजा स्वतः मागायले निघतो. एकटा!
माझा पेन थांबला. रजतची गाडी पांढरकवड्याजवळ ट्रकखाली आली. दवाखान्यातून फोन — "घरचं कोणीतरी या, ओळख पटवायची आहे." हे खाटेवर बसून. भिंतीकडे तोंड. "मले नाही जमत." बस, एवढंच! मी गेली, माझ्या भावासंगं. आत मी गेली. सही मी केली. पोराले घरी मी आणलं.
राजा बरा. तो निघाला तरी.

१० नोव्हेंबर
राजा निघाला — आणि पुढच्याच वाक्यात चिता पेटली!
"मधलं कुठं गेलं? काय बोलला तो? प्रेत कसं मागितलं?"
"नाही आहे."
"गाळलं तुम्ही! काहून गाळलं, तेही माहीत आहे मले."
हे जेवले नाहीत. मी जेवली.

११ नोव्हेंबर
भाषांतराची वही उघडलीच नाही मी.

१३ नोव्हेंबर
सकाळी पुस्तक माझ्यापुढं उघडून ठेवलं. ओळीवर बोट. "हे पाह्य, इथं राजा निघाला. अन् इथं चिता. मधात काहीच नाही, रुपी. कवीनं लिहिलंच नाही. मी कितीदा शोधलं. वाटे, कुठंतरी असंल."
लॅटिन मले येत नाही. पण माणूस खोटं बोलत नव्हता, ते कळतं.
राग गेला नाही. वाढला! म्हणजे त्या पाद्र्यालेही नाही जमलं. चिता पेटवता येते सगळ्या पुरुषांले. आणायले कोण जाईल?
मी वही यांच्याकडे सरकवली. "घ्या पेन. मधलं मी सांगते."

१४ नोव्हेंबर
सांगितलं. लोखंडी दार, फिनाईलचा वास, चादर धरून उभा माणूस — "बाई, आधी खुर्ची धरा." काहीच सोडलं नाही. टोचावं म्हणूनच सांगत होती. यांचा हात थरथरे, अक्षर वाकडं होई, पण हे लिहीत राहिले.
मग मान वर केली. "अंगावर शर्ट कोणता होता?"
इतक्या वर्षांत पहिला प्रश्न.

१५ नोव्हेंबर
खूप आठवून पाह्यलं. शेवटी सांगून टाकलं — "शर्ट नाही आठवत मले."
"निळा असंल," हे म्हणाले. "निघताना मीच इस्त्री करून देल्ला होता."
मले हे माहीतच नव्हतं.