मिनिटाला चाळीस लिटर

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज बसवला एकदाचा. दोन महिने हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळी पाणी चढत नव्हतं. खाली धुलाईखान्यातली मशीनं सुरू झाली की सगळं पाणी तीच ओढणार आणि वर सिस्टर बादल्या घेऊन जिन्यात. म्हणून धुलाईखान्याच्या फाट्यावर हा व्हॉल्व्ह. लाइनला कितीही जोर असो, मिनिटाला चाळीस लिटरच पुढे सोडणार.

काका, म्हणजे आमचे जुने हेड फिटर, स्टुलावर बसून माझ्या चुका काढत होते. चार महिन्यांनी रिटायर होतील, पण मी अजून त्यांच्या लेखी शिकाऊच. "बाण बघितलास? पाणी बाणाच्या दिशेनं. आधी लाइन धुऊन काढ, कचरा जाऊ दे. मगच आतलं कार्ट्रिज घाल." कार्ट्रिज म्हणजे अंगठ्याएवढी पितळी नळी, आत स्प्रिंग. सगळी करामत तिची. ती नसेल तर व्हॉल्व्ह म्हणजे पोकळ डबा.

संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, "फिटरबाई, आज पहिल्यांदा सगळ्यांच्या अंघोळी वेळेवर झाल्या." बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

धुलाईखान्याच्या मुकादमबाई तणतणत आल्या. मशीन भरायला दुप्पट वेळ लागतो म्हणे. "माझं पाणी तोडलंस तू. चादरी काय थुंकी लावून धुऊ?"

काका हसले. मला हसू आलं नाही.

१५ मार्च, शनिवार

व्हॉल्व्हची साफसफाई. दोन्हीकडचे कॉक बंद करून गाळणी काढली – मूठभर गंज निघाला. मग व्हॉल्व्ह उघडून धुतला. मधेच वर टाकी वाहायला लागली म्हणून पळाले. काकांनी झाकण बसवलं. मी दमले.

१७ मार्च, सोमवार

सकाळी आठला वॉर्ड ठणठणीत कोरडा. एका म्हातारीची जखम धुवायची होती, सिस्टरांनी पिण्याच्या बाटल्या ओतल्या. मी खाली जाऊन व्हॉल्व्ह उघडला. आत कार्ट्रिजच नाही!

कुणीतरी काढून नेलं. कुणीतरी कशाला म्हणायचं? रविवारी धुलाईखाना बंद, आणि किल्ली मुकादमबाईंकडे. पाणी कुणाला हवं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. साहेबांना लेखी तक्रार दिली.

काका म्हणाले, "डोळ्यांनी बघितलंस का?"

"दुसरं कोण असणार, काका?"

स्टोअरमधून नवीन कार्ट्रिज आणून बसवलं. दुपारी पाणी चढलं.

२० मार्च

मुकादमबाईंना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाल्या, "सतरा वर्षं चादरी मोजते आहे. एक कमी भरली नाही कधी."

जेवण गेलं नाही.

२५ मार्च

लिहू की नको.

काकांच्या पिशवीत पाना शोधत होते. तळाशी चिंधीत गुंडाळलेलं कार्ट्रिज. ग्रीसनं माखलेलं. तसंच गुंडाळून माझ्या हत्यारांच्या डब्यात टाकलं.

शनिवारी झाकण त्यांनीच बसवलं. काढून पिशवीत टाकलं असणार आणि विसरले असणार. गेल्या आठवड्यात चष्मा डोक्यावर आणि टेबलाखाली शोधत होते. तेव्हा हसलो होतो आम्ही.

२६ मार्च

काकांशी बोलले नाही.

२७ मार्च

आजही नाही. मुकादमबाईंच्या जागी आलेली बाई कामाला चांगली आहे. हे लिहून मी स्वतःला काय समजावते आहे?

२८ मार्च, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत हत्यारांचा डबा उघडून काकांना कार्ट्रिज दाखवलं.

"हे माझ्या पिशवीत? मी कधी ठेवलं?"

"काका, हल्ली तुम्ही विसरता." गेलं तोंडातून. परत घेता आलं नाही.

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "तू म्हणतेस तर असेल, पोरी." भाकरी तशीच राहिली.

२९ मार्च

मला न सांगता काका साहेबांकडे गेले. कार्ट्रिज टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, मीच काढलं. परत घालायचा कंटाळा केला. बाईंचा काही संबंध नाही.

सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं त्यांना. राहिलेल्या दोन महिन्यांसाठी कुणी थांबलं नाही. निरोप नाही, हार नाही.

"कंटाळा केला असं का सांगितलंत?" मी विचारलं.

"आळशी म्हणून काढलेलं चालेल मला. डोकं गेलेला म्हणून नको."

७ एप्रिल

मुकादमबाई कामावर आल्या. मी समोर गेले. त्या चादरी मोजत राहिल्या.

१३ एप्रिल, रविवार

काकांकडे गेले होते. काकू मला स्वयंपाकघरात ओढून घेऊन म्हणाल्या, "अगं, कडी लावली का ते चारचारदा उठून बघतात. गॅसला हात लावत नाहीत. बाजारातसुद्धा एकटे जात नाहीत."

कपाटावर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. किल्ली इथे. गोळी सकाळी. माझा फोन नंबरही, मोठ्या अक्षरात. चाळीस वर्षं सगळ्या इमारतीतले पाइप डोळे मिटून सांगणारा माणूस!

निघताना काका म्हणाले, "तू बोललीस ते बरं केलंस. मला एकट्याला कळलं नसतं."

१९ एप्रिल, शनिवार

खिसा फाटला म्हणून महिनाभर खुंटीला लटकलेला कामाचा कोट आज शिवायला घेतला. अस्तरात काहीतरी टणक लागलं. उसवलं. कार्ट्रिज. वर चाळीसचा आकडा.

साहेबांच्या ऑफिसात जाऊन काकांनी दिलेलं मागून घेतलं. ग्रीस पुसलं. साठ. कुठल्या तरी जुन्या कामातलं, जपून ठेवलेलं.

धुवायला मीच काढलं होतं. खिशात टाकलं आणि वरून हाक आली म्हणून धावले. पळतापळता काकांना म्हटलं होतं, झाकण लावून टाका, आत सगळं झालंय.

साहेबांना लिहून द्यायचं आहे. मुकादमबाईंपुढे उभं राहायचं आहे. पण आधी काकांकडे. त्या चिठ्ठ्या काढायला.